हिरव्यावर विश्वास न ठेवणारे रफिकभाई

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये रफिकभाईंचं खातं अजून उघडं आहे. महिना उलटला की ते सॉफ्टवेअर मला विचारतं, ‘हे सदस्य बरेच दिवस निष्क्रिय आहेत. काढून टाकायचे का?’ मी ‘नंतर विचारा’ दाबतो. या बटणावर माझा हात फार चांगला बसला आहे. माझी आजवरची सगळी कारकीर्द चाळली तरी तिच्यात याहून मोठं कसब सापडायचं नाही.

यवतमाळात एका मोबाइलच्या दुकानाशेजारून अरुंद जिना वर जातो, तिथे आमचं ऑफिस. सहा टेबलं, एक खडखडणारा कूलर आणि भिंतीवर टीव्हीएवढा बोर्ड. पुण्यात दोन वर्षं नोकरी आणि दोन दिवसांचा कोर्स करून मी गावी परतलो, तेव्हा माझ्याजवळ ‘स्क्रम मास्टर’ असं छापलेलं प्रमाणपत्र होतं. आईने गल्लीत सांगितलं, “पोरगा मास्तर झाला, पन शाळा कोनती ते सांगत नाही.”

शाळाच होती म्हणा. रोज सकाळी दहाला सगळ्यांना बोर्डासमोर उभं करायचं आणि प्रत्येकाला तीन प्रश्न विचारायचे. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. कामाचं एकेक कार्ड ‘करायचं’ या रकान्यातून ‘सुरू’मध्ये, तिथून ‘तपासणी’त आणि शेवटी ‘झालं’मध्ये ढकलायचं. दोन आठवड्यांच्या अशा एका फेरीला स्प्रिंट म्हणायचं. कार्ड ‘झालं’मध्ये पोचलं की त्याची कड हिरवी होते. ज्या शुक्रवारी स्प्रिंट संपतो, त्या दिवशी बोर्ड जितका हिरवा, तितका मास्तर थोर. मला त्या हिरव्याची चटक लागली होती. काही लोकांना तंबाखूच्या खर्र्याची लागते, तशी.

आमचं काम होतं जिनिंगमधल्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातल्या, कापसाच्या गंज्यांवर नजर ठेवणारं ॲप. गंजीत लोखंडी सळई खुपसायची, सळईच्या टोकाला सेन्सर. आतलं तापमान दर पाच मिनिटांनी स्क्रीनवर यायचं आणि ते वाढलं की भोंगा वाजायचा. पहिलं गिऱ्हाईक दिग्रसच्या एका जिनिंगचे शेठ. अडचण एवढीच, की आम्ही सगळे कापसाच्या जिल्ह्यात जन्मलो, वाढलो, पण जिनाच्या फाटकाच्या आत कुणी पाऊल टाकलेलं नव्हतं. म्हणून आमच्या साहेबांनी, वानखडे सरांनी, त्याच जिनात तीस वर्षं काढलेले जुने फिटर आमच्यात आणून बसवले. शेख रफिक. बोर्डावर त्यांचं पद ‘प्रॉडक्ट ओनर’ असं लागलं, म्हणजे गिऱ्हाइकाच्या वतीने काम तपासून घेणारा.

“ओनर मी,” ते पहिल्याच दिवशी घरी जाताना जिन्यात मला म्हणाले, “आन खुर्ची कोन्ती तेबी तूच सांगनार.”

पण हे नंतर. वर आल्या आल्या त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते वेगळंच होतं. नमस्कार नाही, नाव नाही. दारात उभं राहून सगळ्या भिंती पाहून झाल्या आणि म्हणाले, “दुसरा दरवाजा कुठी हाय?”

दुसरा दरवाजा नव्हता. मी हसून तसं सांगितलं. ते हसले नाहीत. टेबलांमधून चालत गेले, खिडकी उघडली, खाली वाकून दुकानाचा पत्रा किती खाली आहे ते पाहिलं आणि त्या खिडकीला लागून असलेली खुर्ची घेतली. दुपारी तिथे असं ऊन यायचं की लॅपटॉप दिसायचा नाही. ते डोळे बारीक करून बसायचे, पण खुर्ची कधी बदलली नाही.

उंच, किंचित वाकलेला माणूस. चष्मा दोऱ्याने गळ्यात. शर्टाच्या खिशात चिमूटभर रुई असायची, तिने चष्मा पुसायचे. उजवी भुवई नव्हतीच. कोणतीही वस्तू आधी तळहाताने धरत नसत. हात उलटा करून बोटांची पाठ लावायची आणि मगच धरायची. चहाचा ग्लास, दाराची कडी, प्रिंटर. एकदा पल्लवीला, म्हणजे आमचा सगळा कोड जी एकटी लिहायची तिला, कणकण होती. यांनी जाता जाता तिच्या कपाळाला हाताची पाठ लावली आणि म्हणाले, “घरी जाय बेटा. संध्याकाळलोक चढन.” संध्याकाळी तिला एकशे तीन ताप होता. मी त्या दिवशी तिची रजा ‘अनियोजित’ अशी नोंदवली, कारण सॉफ्टवेअरमध्ये तोच पर्याय होता.

माझ्या साखरपुड्याला ते आले तेव्हाची गोष्ट. हॉलमध्ये दीडेकशे माणसं, रोषणाई, पडदे, पंगतीला नुकती सुरुवात. रफिकभाई जेवायला बसेनात. मला वाटलं, लाजतात. शोधत गेलो तर हॉलच्या मागे. मागच्या दाराला कुलूप होतं आणि त्याच्याआड केटरिंगवाल्याने रिकामी भांडी रचली होती. रफिकभाई त्याला अगदी हळू आवाजात म्हणत होते, “भाऊ, किल्ली आन. मी घाईत नाही. पन किल्ली आन.” किल्ली आली, कुलूप निघालं, भांडी सरकली, मग ते जेवले आणि दोनदा बासुंदी घेतली. माझ्या सासऱ्यांनी नंतर मला विचारलं, “ते पाहुणे पोलीस खात्यातले का?”

या माणसाला मी अजाईल, म्हणजे आमची ही कार्डांची आणि स्प्रिंटची पद्धत, शिकवणार होतो.

आमच्यात एक खेळ असतो. कार्ड किती जड आहे हे ठरवायला सगळ्यांनी मनात आकडा धरायचा आणि एकदम दाखवायचा. एक म्हणजे किरकोळ, तेरा म्हणजे डोंगर. पहिलं कार्ड आलं, भोंगा वाजवण्याचं. पल्लवीने तीन दाखवला, मीही तीन, सगळ्यांनी तीन. रफिकभाईंनी तेरा. दुसरं कार्ड, पुन्हा तेरा. तिसरं, स्क्रीनवरचं अक्षर मोठं करण्याचं. तेरा.

“रफिकभाई,” मी मास्तरी आवाजात म्हणालो, “अहो, अर्ध्या तासाचं काम आहे हे.”

“तुमी लिहायले किती लागन ते सांगून राह्यले,” ते म्हणाले. “मी ते चुकलं तर किती लागन ते सांगून राह्यलो.”

मी लगेच त्यांचे आकडे सरासरीतून वगळायची सेटिंग शोधून काढली. सापडलीही. सॉफ्टवेअर चांगलं होतं.

पण खरी कुरकुर सुरू झाली ती ‘झालं’ या रकान्यावरून. कार्ड ‘तपासणी’त आलं की ते तिथेच ठाण मांडून बसायचं, कारण तपासणी रफिकभाईंकडे. ते स्क्रीन पाहून पास करत नसत. घरून पोतंभर कापूस आणला होता, तो खिडकीखाली ओतून ठेवला. त्यात सळई खुपसायचे, कापूस भिजवायचे, ढिगात गरम विटा ठेवायचे. एकदा कसल्याशा कात्रीने सेन्सरची वायरच कापली आणि शांतपणे स्क्रीनसमोर येऊन बसले. आम्ही जेवून आलो तरी बसलेले.

“मास्तर, इकडे ये. हे पाह्य.”

स्क्रीनवर गंजीचं चित्र, हिरवं. तापमान सत्तावीस.

“ठीक आहे ना,” मी म्हणालो.

त्यांनी वायरचं कापलेलं टोक माझ्या डोळ्यांसमोर धरलं. “दीड घंटा झाला याले मरून. तुहा पडदा अजून म्हनून राह्यला सत्तावीस.”

पल्लवीने कोड पाहिला आणि ती पांढरी पडली. नवा आकडा आला नाही तर स्क्रीन शेवटचा आकडाच दाखवत राहायची. दुरुस्तीला चार-पाच दिवस लागले असते, कारण मुळातली रचनाच तशी होती. आणि त्या शुक्रवारी शेठना पहिलं प्रात्यक्षिक द्यायचं होतं.

रफिकभाईंनी त्या दिवशी आयुष्यातलं पहिलं कार्ड स्वतः लिहिलं. एका बोटाने, पाऊण तास लावून. ‘सेन्सर मेला तर पडदा मेला पाहिजे. हिरवा नाही.’

आता आमच्या शास्त्रात कार्ड असं लिहीत नाहीत. मी ते दुरुस्त केलं: ‘एक जिनिंग व्यवस्थापक म्हणून मला सेन्सरच्या अनुपलब्धतेबाबत सूचना मिळावी, जेणेकरून मी योग्य निर्णय घेऊ शकेन.’ रफिकभाईंनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

“यातला मेलेला कुठी गेला?”

“तोच आहे, अनुपलब्धता म्हणजे—”

“नाई,” ते म्हणाले. “तो गेला.”

मी ते कार्ड पुढच्या स्प्रिंटमध्ये टाकलं.

हे कार्ड त्यांना एवढं का लागलं, ते मला दिग्रसला गेल्यावर कळलं. म्हणजे कळायला हवं होतं. हंगाम भरात होता. दारव्ह्यापासून पुढे रस्त्यावर कापसाच्या गाड्या नुसत्या रांगेने. जिनाच्या आवारात लांबलचक शेड, शेडमध्ये दोन माणसं उंचीच्या सहा गंज्या, पलीकडे यंत्रांचा घुमणारा आवाज. हवेत बारीक रुई तरंगते आणि तुळयांवर, पत्र्यावर, विजेच्या तारांवर तिची जाळी लोंबते. बाया टोपल्या भरून कापूस यंत्रांकडे नेत होत्या.

तिथे एका शिडीवर साठीचा माणूस डोळे मिटून उभा होता, उजवा हात खांद्यापर्यंत गंजीत. रफिकभाई खाली थांबले, मलाही थांबवलं. त्या माणसाने ओठांतल्या ओठांत आकडे मोजले, मग हात बाहेर काढला. सगळ्या हाताला कापूस चिकटलेला.

“हे भीमराव,” रफिकभाई म्हणाले. “गंजीले ताप आला का पाह्यते. दिवसातून सा फेऱ्या. हा आन मी एकाच दिवशी लागलो अठी.”

“मी सकाळी लागलो,” शिडीवरून आवाज आला. “हा दुपारच्याले आला. तवापासून लेटच हाय.”

मी हसलो. रफिकभाई गंजीकडे पाहत होते.

“तुले आग म्हनलं की जाळ दिसते, मास्तर. कापसात आग बसते. चार दिवस बसते, सा दिवस बसते. वरून गंजी पांढरीफेक. आतून ती खाऊन राह्यली असते. कोनी उकरलं, तिले हवा भेटली, की उठते. मंग तू फकस्त पळाचं. आन पळाले टाइम नसते.”

“याची भुवई तवाची हाय,” भीमराव खाली उतरत म्हणाले. “टंगडी धरून ओढला याले मी. इतकी जड टंगडी, अजून माहा खांदा दुखते.”

“वीस साल झाले, रोज सांगते,” रफिकभाई म्हणाले. पण ते भीमरावांच्या हाताला चिकटलेला कापूस बोटांनी काढत होते.

परत येताना बसमध्ये त्यांनी सांगितलं. ॲप सुरू झालं की शेठ फेऱ्या बंद करणार होते. शेडच्या टोकाला एक खोली काढली होती, तिच्यात स्क्रीन लावायची आणि स्क्रीनसमोर भीमरावांना बसवायचं. खुर्ची सोडायची नाही. फेऱ्या मारायला ठेवलेला दुसरा माणूस कमी.

“म्हनजे आता तठी जे हाय ते एक भीमरावचा हात हाय,” रफिकभाई म्हणाले. “तो हात तुमी काढून राह्यले. काढा. पन मंग तुमचा पडदा त्या हातावानी पाह्यजे. तठी बाया असते, मास्तर. दोन पाळ्यांत.”

मी म्हणालो, “काळजी करू नका, कार्ड बॅकलॉगला आहे.” बॅकलॉग म्हणजे पुढे करायच्या कामांची यादी. ती यादी म्हणजे आमच्याकडची अडगळ. तिथे कार्डं जातात, येत नाहीत.

ॲप सुरू झालं. शेठ खूश, वानखडे सर खूश. ‘सेन्सर मेला’ हे कार्ड बॅकलॉगमध्येच पडून राहिलं. दर सोमवारी शेठ काहीतरी नवीन मागत. आलेख रंगीत हवा, मालाचा फोटो हवा, कोण कामावर आहे ते दिसायला हवं. ते शेवटचं आम्ही फार झटपट केलं. ज्याच्या मोबाइलमध्ये ॲप उघडं, त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका आणि तो कुठल्या जागी नेमलेला आहे ते. पल्लवीने दोन दिवसांत दिलं. सकाळी तिसरा प्रश्न आला की रफिकभाई रोज एकच उत्तर देत, “अडचन तेच.” हळूहळू तो विनोद झाला. ते तोंड उघडायच्या आत कुणीतरी मागून म्हणायचं, “तेच!” आणि सगळे हसायचे. सर्वांत आधी मी.

मग माझ्या हातून ते काम झालं. सरांनी विचारलं की बॅकलॉगमध्ये इतकी कार्डं साचलेली का दिसतात, मोठ्या गिऱ्हाइकासमोर बरं दिसत नाही. कोर्समध्ये एक नियम शिकवला होता: ज्या कार्डाला महिनाभरात कुणी हात लावला नाही, ते खरं तर कुणाला नकोच असतं. मी सॉफ्टवेअरला तसं गाळून दाखवायला सांगितलं. एक्केचाळीस कार्डं आली. सगळ्यांवर एकदम खूण केली. कारण निवडायला सांगितलं, मी ‘आवश्यकता नाही’ निवडलं. वीस मिनिटांत यादी स्वच्छ. सरांनी सगळ्यांसाठी समोसे मागवले. मी तीन खाल्ले.

कार्ड बंद झालं की ज्याने ते लिहिलं त्याला आपोआप ईमेल जातो. हे मला माहीत होतं. आठवलं नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उभे राहिलो. रफिकभाईंची पाळी आली. काल काय केलं ते सांगितलं, आज काय करणार ते सांगितलं. मग थांबले. पाठीमागे कुणीतरी “तेच” म्हणायच्या तयारीत होतं.

“अडचन काही नाही,” ते म्हणाले.

कुणी हसलं नाही. पल्लवीने माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं, कारण पंधरा मिनिटांत संपवायचा नियम आहे.

त्यानंतर ते यायचेच बंद झाले. तीन दिवस वाट पाहून मी फोन लावला. मागे यंत्रांचा घुमणारा आवाज येत होता.

“रफिकभाई, कुठे आहात? बोर्डावर तुमच्या नावापुढे लाल येतंय.”

“येऊ दे. लाल हाय ते खरं हाय.”

“पण तुम्ही दिग्रसला काय करताय?”

“फेऱ्या मारून राह्यलो.”

“अहो, त्यासाठी तर ॲप—”

“भीमरावले शेठ खुर्चीवरून उठू देत नाही,” ते म्हणाले. “मले कोनी बसवलं नाही. मी तुमचा मानूस, मले कोन बोलते? सकाळच्या गाडीनं येतो, पाचच्या गाडीनं जातो. तू लाव तुह्या बोर्डाले काय लावाचं ते.”

मी लावलं. ‘सतत अनुपस्थित.’ सरांना कळवलंसुद्धा. मास्तर म्हटल्यावर शिस्त आली. आणि एक गोष्ट सांगितली पाहिजे. ते बंद केलेलं कार्ड पुन्हा उघडायला एक बटण पुरतं. मी त्या फोननंतर ते कार्ड उघडून पाहिलं, बटणावर बाणही नेला. मग वाटलं, यादी पुन्हा एकवर येईल. बाण बाजूला घेतला.

जानेवारीतल्या एका दुपारी शेठनी महागाव-पुसदकडचे पाच-सहा जिनिंगवाले ॲप पाहायला बोलावले. मी आणि सर गेलो. शेडच्या तोंडाशी मी मोठा टीव्ही लावला, सहाच्या सहा गंज्या हिरव्या. पाहुण्यांना मी एकेक समजावत होतो. चार नंबरच्या गंजीवर एकोणतीस अंश होतं आणि मागच्या दिवसांचा आलेख सरळ रेषेत. मी त्या रेषेवर बोट फिरवलं आणि म्हणालो, “बघा, किती स्थिर. चार दिवसांत दशांशाचाही फरक नाही.”

पहाटे स्वेटर लागतो आणि दुपारी घाम येतो अशा दिवसांत कुठल्या गंजीचं तापमान चार दिवस दशांशानेही हलत नाही, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पाहुण्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

“मास्तर.”

चार नंबरच्या गंजीला शिडी लावलेली. रफिकभाई वर, हात खांद्यापर्यंत आत. आवाज चढलेला नव्हता. “इकडे ये. हात घाल.”

पाहुण्यांसमोर नको वाटत होतं, तरी गेलो. शिडीवर चढलो, त्यांनी केलेल्या भोकात हात घातला. वर गार कापूस. कोपरापर्यंत गेल्यावर ऊब. त्याच्या पुढे, तापाने फणफणलेल्या लेकराच्या पाठीवर हात ठेवावा तसं. आणि हात बाहेर काढला तेव्हा त्याला कागद जळल्यासारखा बारीक वास होता.

रफिकभाई खाली उतरले. “शेठ, बाया बाहेर काढा. यंत्रं बंद करा. ही गंजी कोनी उकरू नका. बंब बोलवा आन तो येऊस्तोवर हिले हात लावू नका.”

शेठनी पाहुण्यांकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “काय हो मास्तर? तुमचं मशीन काय म्हणते?”

माझ्या हाताला अजून ऊब होती. वास होता. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, वानखडे सरही.

“एकदा रिफ्रेश करून बघतो,” मी म्हणालो.

स्क्रीनवर ते गोल चक्र फिरलं. फिरलं, फिरलं, आणि थांबलं. एकोणतीस. हिरवं.

“पाह्यलं?” शेठ पाहुण्यांना म्हणाले. “काही नाही. अरे, उकरून दाखवा या पाहुन्यायले.”

दोन हमाल फावडी घेऊन पुढे झाले. रफिकभाई त्यांच्याशी भांडले नाहीत. तेवढा वेळ नाही हे आमच्यात त्यांना एकट्यालाच कळलं होतं. ते सरळ बायांच्या रांगेत घुसले. “टोपली टाक! टाक म्हनलं ना, बाई, चाल! मागं पाहू नको!” एकीने विचारलं, “काहून भाई, काय झालं?” तिच्या डोक्यावरची टोपली त्यांनी हाताने खाली पाडली आणि तिला दाराकडे ढकललं.

आधी धुराचा एक धागा निघाला. मग आवाज झाला, कुणी भली मोठी सतरंजी झटकावी तसा. जाळ गंजीवर दिसला न दिसला, तो वर तुळयांवरच्या रुईला भिडला, आणि पत्र्याखालची ती सगळी जाळी शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका श्वासात पेटत गेली. मी पळालो. कुणाला हात दिला, कुणाला ढकललं असं काही सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. टीव्हीची वायर पायात अडकली, ती सोडवली आणि पळालो.

बाहेर आवारात बाया खोकत होत्या, एकमेकींची नावं घेत होत्या. हमाल बाहेर आले होते, शेठ आणि पाहुणे फाटकापाशी. रफिकभाई सगळ्यात शेवटी आले आणि बायांमधून मोजत फिरले. हिशेब जुळला असावा, कारण त्यांनी क्षणभर गुडघ्यांवर हात टेकले. मग मान वर केली.

“भीमराव?”

मी खिशातून मोबाइल काढला. कोण कामावर आहे ते दाखवणारं पान उघडलं. पान लगेच उघडलं. भीमराव. नेमणूक: स्क्रीनची खोली. नावापुढे हिरवा ठिपका.

“आत आहेत,” मी म्हणालो. “खोलीत.”

“पक्कं?”

“हो. इथे दाखवतंय.”

त्यांनी मोबाइलकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मग पिण्याच्या पाण्याच्या टाकीत खांद्यावरचा दुपट्टा बुचकळला, तोंडाला गुंडाळला आणि शेडच्या टोकाच्या दारातून वाकून आत गेले. धूर कमरेपर्यंत उतरला होता. डावा हात भिंतीला लावून ते खांब मोजत चालले होते, मोठ्याने, घरच्या बोलीत. एक. दो. तीन. पाठ दिसेनाशी झाली तरी आकडा ऐकू आला. चार.

वजनकाट्याच्या बाजूने कुणीतरी धावत आलं. दोन्ही हातांत वाळूच्या बादल्या, उजवा हात खांद्यापर्यंत कापसाने माखलेला. शेठ पाहुण्यांत गुंतले होते, म्हणून भीमराव मोबाइल खोलीत चार्जिंगला लावून, कुणालाही न सांगता, उघड्यावरच्या मागच्या गंज्यांची फेरी करायला गेले होते. त्यांनी पेटलेल्या शेडकडे पाहिलं, बायांवरून नजर फिरवली आणि बादल्या खाली न ठेवताच मला विचारलं,

“मास्तर, रफिक कुठी हाय?”